कोका-कोला, प्लाचिमाडा आणि आपला ऊस – कंपनीची जबाबदारी गेटपाशी संपते का?

वाशिष्ठी
सोमवार, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी चिपळूणला ज्युनिअर कॉलेजवर कॉमर्स शिकवते. बारावीला व्यवसायाच्या सामाजिक जबाबदाऱ्या असा एक धडा आहे. मालकांप्रती, कामगारांप्रती, ग्राहकांप्रती, सरकारप्रती, समाजाप्रती, असे मुद्दे. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क पडतात. परवा हाच धडा चालू होता आणि लोट्याकडून एसटीने येणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे कोका-कोलाचा कारखाना होतोय. ती कंपनी यातलं काय काय पाळते?" २०२३ च्या नोव्हेंबरात लोटे-परशुरामला त्या कारखान्याचं भूमिपूजन झालं, खुद्द मुख्यमंत्री आले होते, तेव्हापासून तिच्या घरी भावाला तिथे चिकटवायचं चाललंय. मी तिला म्हटलं उद्या सांगते. आठवडा झाला, अजून सांगितलेलं नाही. रोज रात्री वाचतेय आणि जितकं वाचतेय तितकं एका वाक्यात सांगणं अवघड होत चाललंय.

केरळच्या प्लाचिमाडापासून सुरुवात केली. पालक्काड जिल्ह्यातलं आदिवासी, शेतमजुरांचं गाव. २००० साली तिथे कारखाना सुरू झाला, दोन वर्षांत विहिरी खाली गेल्या, पाण्याची चव बदलली, बायकांना लांबून पाणी आणायची वेळ आली. २२ एप्रिल २००२ ला गेटसमोर सत्याग्रह बसला. मयिलम्मा नावाच्या, शाळेचं तोंडही फारसं न बघितलेल्या एरवलर आदिवासी बाईने तो पुढे नेला. मग कोर्टाने कारखाना बंद केला.

त्यानंतर २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलेली मोठी बातमी वाचली, ती तर आपल्या महाराष्ट्राचीच. कोका-कोला आणि पेप्सिको ज्या साखरेवर चालतात त्या साखरेमागची ऊसतोड, उचल, लहान वयातली लग्नं आणि बायकांच्या गर्भपिशव्या काढणं.

दोन्हीकडे कंपनीचं उत्तर मला एकाच धाटणीचं वाटलं. आमच्याकडे परवानगी होती, आमच्या आवारात सगळं नियमाप्रमाणे आहे, बाहेरचं आम्ही कसं बघणार. म्हणून विचारते, ज्यांनी या धंद्यात काम केलंय त्यांना खास विचारते, एवढ्या मोठ्या कंपनीची जबाबदारी गेटपाशी संपते का? आणि संपत नसेल तर कुठपर्यंत जाते? मला हे सतरा वर्षांच्या मुलीला सांगायचंय, तेव्हा कृपया भांडणं नकोत.

---

कोइमतूरकर
सोमवार, रात्री ११:४०

धागा फार चांगला काढलात ताई. मी बारा वर्षं कोइमतूरला आहे, इथून प्लाचिमाडा तासा-दीड तासावर. दोनदा जाऊन आलोय. एक दुरुस्ती करतो, कारण हा घोटाळा सगळीकडेच होतो. कारखाना कोर्टाने बंद नाही केला. आधी पेरुमाट्टी पंचायतीने एप्रिल २००३ ला लायसन्स रिन्यू करायला नकार दिला. म्हणजे बघा, एक ग्रामपंचायत, जिला त्या कारखान्याकडून उत्पन्न मिळत होतं तीच म्हणाली नको. मग कंपनी हायकोर्टात गेली. १६ डिसेंबर २००३ ला न्या. बालकृष्णन नायर यांनी निकाल दिला की जमिनीखालचं पाणी ही सगळ्या जनतेची ठेव आहे, सरकार फक्त विश्वस्त, जमीन माझी म्हणून खालचं पाणी कितीही उपसेन असं कुणाला म्हणता येणार नाही. पण एप्रिल २००५ मध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठाने हे बदललं आणि दिवसाला पाच लाख लिटरपर्यंत उपसायला परवानगी दिली! कारखाना मार्च २००४ पासून बंद पडला तो दुष्काळात सरकारने पाण्यावर घातलेल्या बंदीमुळे आणि मग पंचायत आणि गावकरी हलले नाहीत म्हणून परत उघडला नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात लटकलं आणि २०१७ ला कंपनीनेच तिथे सांगून टाकलं की आम्हाला आता तिथे उत्पादन सुरू करायचं नाही.

मी हे मुद्दाम सांगतोय कारण कोर्टाने वाचवलं असं पोरांना सांगितलं तर त्यांना वाटेल आपण काही करायची गरज नाही, कोर्ट आहे ना. तिथे बायका वर्षानुवर्षं उन्हात बसल्या होत्या.

आणि पाण्यापेक्षा मला जास्त टोचली ती गाळाची गोष्ट. कारखान्याच्या सांडपाण्यातून जो चिखल निघायचा तो कंपनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायची. लोकांनी नारळाच्या आळ्यात घातला, भातात घातला. जुलै २००३ ला बीबीसी रेडिओवाल्यांनी त्याचे नमुने इंग्लंडला नेऊन एक्सेटर विद्यापीठात तपासले तर त्यात कॅडमियम आणि शिसं निघालं. मग केरळच्या प्रदूषण मंडळाने तपासलं, कॅडमियम त्यांनाही सापडलं. आता बघा, पाणी उपसताना कंपनी म्हणू शकते आम्हाला अंदाज नव्हता, पाऊस कमी झाला. पण जो चिखल तुम्ही तुमच्या आवारातून ट्रॅक्टरमध्ये भरून लोकांच्या शेतात पाठवता तो एकदा तपासायला काय लागतं? कारखान्यात लॅब असतेच. हा चिखल गेटच्या बाहेर कंपनीनेच पाठवला होता.

मी गेलो तेव्हा गेटला गंज, आत झाडं वाढलेली, आणि रस्त्यापलीकडे सत्याग्रहाचा मांडव होता ती जागा. एका आजींच्या घरी पाणी दिलं, ते टँकरचं होतं. विहीर दाखवली, पाणी होतं त्यात, वर बादली ठेवलेली. म्हणाल्या (शेजारच्या मुलाने तमिळमध्ये सांगितलं) हे फक्त भांडी घासायला, यात भात शिजवला तर संध्याकाळी वास येतो.

२०१० साली राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नुकसान २१६ कोटी २६ लाख काढलं. २०११ ला विधानसभेने भरपाईसाठी खास न्यायाधिकरणाचं बिल पास केलं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मयिलम्मा २००७ च्या जानेवारीतच गेल्या.

---

बॉयलर_इन्चार्ज
मंगळवार, सकाळी ८:०५

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका, मी अशाच एका बॉटलिंग प्लांटला युटिलिटीला अकरा वर्षं होतो, कुठल्या ते सांगत नाही.

पाण्याचं म्हणाल तर आम्हाला दर शिफ्टला एक लिटर पेयामागे किती लिटर पाणी गेलं ते लिहावं लागायचं, आकडा वाढला की मीटिंगमध्ये उभं करायचे. कोका-कोलाची जगभराची सरासरी २००४ ला २.७ लिटर होती, नंतर दोनच्या खाली आणली, हे काही आपोआप होत नाही, बाटल्या धुवायच्या मशीनचं शेवटचं पाणी पहिल्या धुण्याला फिरवायचं, फिल्टरचं बॅकवॉश परत घ्यायचं, अशा शंभर गोष्टी माझ्यासारख्या माणसांनी रात्री जागून केल्यात. आणि महाराष्ट्रात पाणी कोण पितं? ऊस पितो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापलं, सगळीकडे बातम्या. कारखान्यावर बोट दाखवणं सोपं असतं, कारण त्याला गेट असतं, बोर्ड असतो.

माझ्या गावातली चौदा पोरं त्या प्लांटमुळे मुंबईला न जाता घरी राहिली. पीएफ, ईएसआय, वेळेवर पगार, कँटीन. जवळच्या लोकल फॅक्टरीत यातलं काहीच नव्हतं. भूजल किती उपसायचं हे ठरवायला सरकारी खातं आहे, ऊसतोड मजुरांसाठी कामगार खातं आहे. ती कामं कंपनीने करायची असतील तर ती खाती कशाला? कंपनीला सरकार बनवू नका. हे मी मनापासून म्हणतोय.

---

जुना_डेपोवाला
मंगळवार, दुपारी १:२२

ताईंनी धंद्यातल्या लोकांना विचारलंय म्हणून लिहितो. पाणी, ऊस यातलं मला कळत नाही. मी तेरा वर्षं एका शीतपेय कंपनीच्या डेपोला सेल्समध्ये होतो, तालुक्याचे डिस्ट्रिब्युटर सांभाळायचो. धंद्यातली नीती म्हटली की मला एकच तारीख आठवते, ३० जून. कोल्ड्रिंकचा सीझन मार्च ते मे, जूनला पाऊस लागला की माल हलत नाही, पण जूनचं टार्गेट वरून आलेलं असतं आणि ते पावसाला विचारून येत नाही. मग आम्ही काय करायचो, डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनला माल मारायचो. प्रायमरी सेल म्हणजे कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला गेलेला माल, सेकंडरी म्हणजे त्याच्याकडून दुकानात गेलेला. वरचे फक्त प्रायमरी बघतात. एकदा साडेचारशे क्रेट उतरवले एका माणसाकडे, तो म्हणत होता साहेब जागा नाही, मी म्हटलं शेठ बिल आजच्या तारखेचं होऊ द्या, नाही खपलं तर क्लेममध्ये ॲडजस्ट करून देतो, शब्द आहे माझा. माल एक्सपायर झाला. क्लेम वरून परत आला, कागद कमी आहेत म्हणून. तोवर माझी बदली झाली होती. त्याने बँकेत बायकोच्या पाटल्या ठेवल्या होत्या तो माल उचलायला, हे मला दोन वर्षांनी कळलं. मी जाऊन भेटलो नाही अजून. जायला पाहिजे होतं.

नंतर वाचनात आलं की हे फक्त तालुक्याच्या गावात होत नाही. कोका-कोलावर अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २००५ ला ठपका ठेवला की १९९७ ते ९९ मध्ये जपानच्या बॉटलर्सना गरजेपेक्षा जास्त कॉन्सन्ट्रेट उधारीवर घ्यायला लावून तिमाहीचा नफा फुगवला आणि शेअरहोल्डरना सांगितलं नाही. कंपनीने मान्यही केलं नाही, नाकारलंही नाही, आणि दंडही झाला नाही. वाचताना मला ते साडेचारशे क्रेट दिसत होते. वर तिमाही असते, खाली ३० जून असतो, प्रेशर तेच.

बॉयलरसाहेब, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण डिस्ट्रिब्युटर हा कंपनीचा नोकर नाही म्हणून त्याचं नुकसान कंपनीच्या वहीत कुठेच येत नाही, आणि ते काही कुठल्या सरकारी खात्याचं काम नव्हतं, ते आमचंच होतं.

---

पीचट्री_मराठी
मंगळवार, रात्री ९:३०

अटलांटाहून लिहितोय, कंपनीचं हेड ऑफिस ज्या गावात आहे तिथून. इथे निम्म्या इमारतींवर त्यांच्या देणग्यांची नावं आहेत, विद्यापीठ, हॉस्पिटल, सगळं, आणि लोकांचं या कंपनीवर खरंच प्रेम आहे. तरी याच गावात २००० साली काळ्या कर्मचाऱ्यांनी भेदभावाबद्दल लावलेली केस कंपनीने १९ कोटी २५ लाख डॉलर देऊन मिटवली होती.

डेपोवाले काका, तुमचं वाचून मला मॅथ्यू व्हिटलीची केस आठवली. हा कंपनीच्या फायनान्समधला मोठा माणूस. २००० साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये बर्गर किंगच्या दुकानांत फ्रोझन कोकची चाचणी चालू होती, खप कमी दिसत होता, तर कंपनीच्या काही लोकांनी एका कन्सल्टंटला दहा हजार डॉलर देऊन मुलांना तिथे नेऊन खायला-प्यायला घातलं, म्हणजे आकडे चांगले दिसावेत. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून बर्गर किंगवाल्यांनी मशिनींवर पैसे घातले. व्हिटलीने आत तक्रार केली आणि २००३ ला त्याची नोकरी गेली, कंपनीच्या मते पुनर्रचनेमुळे, त्याच्या मते तोंड उघडल्यामुळे. तो कोर्टात गेल्यावर कंपनीने कबूल केलं की आकडे फिरवले होते, बर्गर किंगची माफी मागितली, आणि व्हिटलीबरोबर पाच लाख चाळीस हजार डॉलरवर मिटवलं. म्हणजे जे आतल्या माणसाने सांगून झालं नाही ते बाहेर आल्यावर काही महिन्यांत झालं.

आणि एक चांगलीही गोष्ट सांगतो, विद्यार्थिनीला आवडेल. २००६ ला कोका-कोलाच्या ऑफिसातल्याच एका सेक्रेटरीने साथीदारांबरोबर गुप्त कागद आणि नव्या पेयाचा नमुना पेप्सीला विकायचा प्रयत्न केला. पेप्सीने ते पत्र सरळ कोका-कोलाकडे पाठवलं, एफबीआयने सापळा लावला, तिला आठ वर्षांची शिक्षा झाली. जन्माचे प्रतिस्पर्धी, तरी केलं. म्हणजे कंपनीला योग्य काय ते कळत नाही असं अजिबात नाही.

---

सॅम्पल_बाटली
मंगळवार, रात्री ११:५५

मी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. मीही बॉटलिंग प्लांटच्या क्वालिटी लॅबला सहा वर्षं होते, कुठल्या कंपनीच्या ते जाऊ दे.

साखरेबद्दल सांगते. साखरेचा ट्रक आला की तो गेटच्या आत यायच्या आधी कागद बघायचे. कारखाना कुठला, लॉट कुठला, सर्टिफिकेट. मग पोत्यांतून सॅम्पल. इक्युम्सा म्हणजे साखरेचा रंग, तो किती युनिट. सल्फर डायऑक्साइड किती. राख किती. पाण्यात विरघळवून गढूळपणा. मग फ्लॉक टेस्ट, म्हणजे आंबट पेयात ती साखर घालून ठेवली तर काही दिवसांनी कापसासारखं काही तरंगतं का ते बघायचं. एकदा एक ट्रक रंगाचा आकडा थोडासा वर गेला म्हणून मी नापास केला. ड्रायव्हर दोन दिवस गेटबाहेर झाडाखाली बसून होता, मिलचा माणूस फोनवर रडकुंडीला आलेला, माझ्या मॅनेजरने सांगितलं नियम म्हणजे नियम, परत पाठव. पाठवला. तीनच महिन्यांत त्या मिलने आपला प्लांट सुधारला, कारण एवढं मोठं गिऱ्हाईक घालवणं परवडणार नव्हतं.

आता मला सांगा बॉयलरदादा, रंगाच्या थोड्याशा फरकासाठी जी ताकद मिलवर वापरता येते ती फडावरच्या बाईसाठी का वापरता येत नाही? माझ्या फॉर्मवर एकवीस रकाने होते. कुणी तोडला, त्याचं वय काय, तो कुणाच्या कर्जात आहे, याचा एकही नव्हता. मी सहा वर्षं तो फॉर्म भरला आणि मला एकदाही त्यात काही कमी आहे असं वाटलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या त्या बातमीत होतं की कोका-कोलाच्याच सल्लागारांनी २०१९ ला पश्चिम भारतातल्या उसाच्या फडांत मुलं ऊस तोडताना आणि माणसं मुकादमाचं देणं फेडताना बघून नोंदवलं होतं. वाचून मी बराच वेळ गप्प बसले. म्हणजे रकाना कुणीतरी भरला होता, पण त्यावर ट्रक परत गेला नाही.

---

बॉयलर_इन्चार्ज
बुधवार, सकाळी ७:४०

सॅम्पलताई, तुमच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. रंगाचं मोजमाप आहे, मशीन आहे, पाच मिनिटांत आकडा येतो. माणसांचं मोजमाप तसं नाही. एका मिलला शेकडो गावांचा ऊस येतो, टोळ्या दर हंगामाला बदलतात, मुकादम आज इथे उद्या कर्नाटकात. ते कसं तपासणार? ऑडिटर येणार म्हटल्यावर पोरं लपवतील. प्रामाणिक अडचण सांगतोय.

---

दुपारचा_चहा
बुधवार, सकाळी ९:१०

+१ बॉयलर. आणि कीटकनाशकांचं प्रकरण विसरू नका, २००३ ला सीएसईने (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट, दिल्लीची पर्यावरण संस्था) दिल्लीभागातल्या बारा ब्रँडमध्ये कीटकनाशकं सापडली म्हणून सांगितलं, देशभर बाटल्या फोडल्या लोकांनी, पण ती कीटकनाशकं कंपनीने थोडीच टाकली होती, ती आपल्याच शेतातून पाण्यात उतरलेली.

---

कोइमतूरकर
बुधवार, सकाळी १०:०२

@दुपारचा_चहा, पाण्यातून आली हे बरोबर, सीएसईच्या सुनीता नारायण यांनीही भूजलाचंच कारण दिलं होतं. पण मुद्दा वेगळा होता. त्याच कंपन्यांच्या अमेरिकेत विकलेल्या बाटल्या तपासल्या तर त्यात काही नव्हतं. इथे कायद्यात मर्यादाच नव्हती, म्हणून इथे चालून गेलं. दोन्ही कंपन्यांनी एकत्र पत्रकार परिषद घेऊन संस्थेलाच खोटं ठरवलं, मग शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि फेब्रुवारी २००४ ला तिने सांगितलं की संस्थेचे निष्कर्ष बरोबर आहेत. २००६ ला परत तपासलं, ५७ बाटल्या, १२ राज्यं, परत तेच. तीन वर्षं हातात होती हो. गाळायचं तंत्रज्ञान त्यांच्याकडे होतं.

राजस्थानच्या काळाडेरातल्या कोका-कोलाच्या कारखान्याचंही तसंच. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रेटा लावला, विद्यापीठाने कंपनीच्या मालाची खरेदी थांबवली, म्हणून कंपनीने टेरीला (दिल्लीची ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्था) अभ्यास करायला सांगितलं. जानेवारी २००८ ला टेरीने लिहून दिलं की इथलं भूजल धोक्यात आहे, पाणी दुसरीकडून आणा, नाहीतर साठवा, नाहीतर कारखाना हलवा किंवा बंद करा. कारखाना बंद झाला २०१६ ला. आठ वर्षं. चूक होणं मी समजू शकतो, पण स्वतः पैसे देऊन मागवलेला अहवाल हातात असताना आठ उन्हाळे काढायचे हे मला समजत नाही.

---

वाडीचा_पोरगा
बुधवार, रात्री १२:३५

मी धारूर तालुक्यातला, बीड जिल्हा. आता पुण्यात बँकेत आहे. बॉयलरसाहेबांनी विचारलं ते कसं तपासणार, त्याचं उत्तर द्यायला लिहितो. मोबाईलवर टाइप करतोय, चुका पदरात घ्या.

आमच्याकडं दसरा झाला की गाव रिकामं होतं. म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. मुकादम उन्हाळ्यातच उचल देऊन जातो, एका कोयत्याला इतकी. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता. हे आधी समजून घ्या, कारण यातच सगळं आहे. आईच्या नावावर काहीच नव्हतं. हिशोब बापाच्या नावानं, अंगठा बापाचा, पण आई आजारी पडली तर कोयता अर्धा होतो आणि चालत नाही. एक दिवस काम बुडलं तर खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून फिटण्याऐवजी उचलीत वाढतात.

मी सहा वर्षांचा असल्यापासून संगं जायचो. पश्चिम महाराष्ट्रातला कारखाना, नाव लिहीत नाही. पाचटाची कोप, आत वाकून जायचं. आई-बाप पहाटं चारला फडात, थंडीत उसाचं पातं ओलं असतं, हात कापतात. मी धाकट्या बहिणीला घेऊन बैलगाडीच्या सावलीला. मोळ्या बांधायला वाढे गोळा करून द्यायचो, म्हणजे मीही मजूरच होतो, कुठल्या यादीत नव्हतो एवढंच. संडास नाही, पाणी कालव्याचं. पाळीच्या दिवसात बाया काय करतात ते मी मोठा झाल्यावर बायकोकडून समजून घेतलं, आईनं कधीच सांगितलं नाही.

ज्या वर्षी मी चौथीत असायला पाहिजे होतो, त्या वर्षी आईचं पोट दुखायचं, अंगावरून जायचं. गावाकडं परत आल्यावर डॉक्टरनं सांगितलं पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे मुकादमानंच दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. आई सव्वीस वर्षांची होती. दिवाळीला परत फडात गेली. ऑपरेशनचं कर्ज तिनं ऊस तोडून फेडलं. आता पन्नाशीची नाही तर सत्तरीची दिसते, कंबर जागेवर नाही, रात्री झोप नाही.

२०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातली एक आमच्या घरात आहे.

आता तपासायचं कसं. साहेब, टोळीच्या गाडीला नंबर असतो. शेतकी ऑफिसला स्लिप असते, कुठल्या गटातला ऊस, कुठल्या टोळीनं तोडला, किती टन, किती वाजता काट्यावर आला. त्याशिवाय मुकादमाचं बिलच निघत नाही. वाहतुकीचा करार कारखाना लिहून घेतो. म्हणजे कुणी तोडला हे कारखान्याला टनाच्या काट्यापर्यंत माहीत असतं, पैसे चुकते करायला लागतात म्हणून माहीत असतं. मजूर आमचा नाही, मुकादमाचा, असं फक्त आजारी पडल्यावर म्हणतात. आणि जी कंपनी त्या कारखान्याची साखर घेते ती म्हणते मजूर कारखान्याचा. आम्ही कुणाचेच नव्हतो, आणि ऊस मात्र सगळ्यांचा होता.

आमच्या उसाची साखर कुठल्या बाटलीत गेली ते मला माहीत नाही. कुठल्याच कंपनीवर आरोप करत नाही. पण सॅम्पलताई, तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला काही लागत नाही, कागद तयार आहे, काट्यावर पडलेला आहे.

---

सॅम्पल_बाटली
गुरुवार, सकाळी ६:५०

वाचलं. दोनदा वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

बॉयलर_इन्चार्ज
गुरुवार, सकाळी ८:३०

भाऊ, स्लिपचं मला माहीत नव्हतं. मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धं अजून ठेवतो, कारण कामगार खातं झोपलेलं असताना एकट्या कंपनीने काही केलं तर ती फक्त त्या मिलकडून साखर घेणं बंद करेल आणि टोळी दुसऱ्या मिलला जाईल, हाल तेच. पण माहीत नाही असं यापुढे म्हणणार नाही. आमच्या वेळी पाण्याचा आकडा सुधारला तो दर शिफ्टला लिहावा लागायचा म्हणून सुधारला, हे मीच वर लिहिलंय. जे लिहावं लागतं ते सुधारतं, इतकं मला मान्य आहे.

---

वाडीचा_पोरगा
गुरुवार, दुपारी २:१५

बरोबर बोललात साहेब, साखर घेणं बंद करू नका, तसं केलं तर आमच्याच पोटावर येतं. घेताना अट घाला. फडाजवळ संडास, पिण्याचं पाणी, बाईचा हिशोब बाईच्या नावावर, खाडा बंद, आणि पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालू आहे का ते विचारा. जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर ३४ टक्के वाढला तेव्हा बरं वाटलं, पण दर वाढला तरी खाडा तसाच राहतो.

---

जुना_डेपोवाला
गुरुवार, संध्याकाळी ७:००

पोरा, तुझ्या पोस्टवर काही बोलायची माझी लायकी नाही. मी उद्या त्या डिस्ट्रिब्युटरकडे जातोय. त्याच्या मुलाचा नंबर मिळाला.

---

वाशिष्ठी
गुरुवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. कोइमतूरकर, चूक दुरुस्त केलीत ते फार बरं झालं, वर्गात मी तेच चुकीचं सांगितलं असतं.

आज तास झाला. मी त्या मुलीला सांगितलं की ही कंपनी चांगली का वाईट याचं उत्तर मी तुला देणार नाही, पण तुझ्या भावाचा अर्ज जाऊ दे आणि तू स्वतः चार गोष्टी विचारायला शीक. पाणी कुठून आणि दिवसाला किती. चिखल कुठे जाणार आणि तो तपासलेला कागद ग्रामपंचायतीत लावणार का. साखर कुठल्या मिलची. आणि कामगाराने आतलं काही बाहेर सांगितलं तर त्याची नोकरी राहते का. आमच्या खाडीत मासे मरून वर आलेले तिच्या आजोबांनी बघितलेत, त्यामुळे दुसरा प्रश्न समजवावा लागला नाही. तिसऱ्यावर मात्र वर्ग गप्प झाला. कोकणातल्या मुलांनी फड बघितलेला नसतो. मला कोयता म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावं लागलं, आणि कोयता म्हणजे दोन माणसं हे सांगितल्यावर एकाने विचारलं, मग पगार दोघांना का नाही?

वाडीचा पोरगा, तुमची पोस्ट वर्गात वाचून दाखवली तर चालेल का? तालुका काढून टाकेन.

---

वाडीचा_पोरगा
गुरुवार, रात्री ११:२०

वाचा मॅडम. तालुका राहू द्या, आमच्याकडचं सगळ्यांनाच माहीत आहे. आईला विचारलं फोनवर, ती म्हणाली वाच म्हणावं, आणि त्या पोराला सांग म्हणावं की मीही हेच विचारलं होतं मुकादमाला. मी हे पहिल्यांदा ऐकलं. तो काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही, फोन बापाकडं दिला.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आलात तर सांगा, टोळ्या तेव्हा निघालेल्या असतात. कराड, सांगली कुठंही फड असतात, चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढलं की लांब नाही. मी येतो संगं.